फळीची उलटी बाजू

कुवेतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मार खाल्ला. लाकडी फूटपट्टीचा, बोटांच्या पेरांवर. लग्न झालेला, एका मुलीचा बाप असलेला गडी मी, आणि शाळेत पाढे चुकल्यासारखा हात चोळत उभा!

मारणारे होते चाचा. अर्दियाच्या औद्योगिक भागात आमचा कराज आहे. कराज म्हणजे पत्र्याची मोठी शेड, तिथे बसगाड्यांच्या बॉड्या दुरुस्त होतात. चाचा तिथले सगळ्यांत जुने कारागीर, राजापूरच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. मी लांज्याचा, घरात बापजाद्यांपासून सुतारकी, त्यामुळे गावात सगळे मला मेस्त्री म्हणायचे आणि ती हवा थोडी डोक्यात होती. त्या दिवशी मी बसच्या आतून बसवायची प्लायवुडची एक फळी घासली, प्रायमर मारला, सुकवली आणि लावायला निघालो. चाचांनी ती माझ्या हातातून घेऊन उलटी केली.

"हिकडची बाजू कोणी करायची? तुझ्या सासऱ्याने?"

"चाचा, ती आत जाणार. तिला कोण बघणार?"

तेव्हा फूटपट्टी बसली. "तू बघितलीस ना, मेल्या? मग झालं."

राग आला होता मला, खोटं कशाला सांगू. खोलीवर गेल्यावर त्यांना दोन शिव्याही दिल्या. पण दुसऱ्या दिवसापासून उलटी बाजू आधी करायला लागलो. जुनी फळी उघडली की मागून घासायची, पार लाकूड दिसेपर्यंत. मग चाचांचा तो विटकरी प्रायमर, ज्यात ते स्वतः अळशीचं तेल मिसळायचे. ब्रश डावीकडून उजवीकडे आणि शेवटचा हात एका दमात, मध्ये न थांबता. मग सुलटी बाजू. इथे वाळूतली धूळ फटीफटीतून आत जाते, वर इथला उन्हाळा, मागून उघडी राहिलेली फळी दोन वर्षांत पापडासारखी वाकते. चाचांच्या फळ्या वाकत नसत. जुनी गाडी उघडली आणि मागून तो विटकरी हात दिसला की आम्ही म्हणायचो, ही चाचांकडे येऊन गेलेली आहे.

हे एवढं आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे.

त्याला आता एकोणीस-वीस वर्षं झाली. फरवानियात आम्ही दोघं एकाच इमारतीत राहायचो, सकाळी एकाच बसने कामाला यायचो. चाचांना साखरेने पोखरलं होतं. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग डोळे गेले. गेले म्हणजे आंधळे नव्हेत, माणूस ओळखायचे, गाडीला धडकायचे नाहीत, पण अक्षर दिसायचं नाही. बारीक काम मी करायचो आणि ते स्टुलावर बसून माझ्या चुका काढायचे. त्याही बहुतेक ऐकून काढायचे. "रिव्हेट सैल बसला," म्हणायचे, आणि खरंच सैल असायचा. वैताग यायचा अगदी.

गेल्या वर्षी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून आणणारा माणूस, त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, चाचा, आता तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, वाढवणार नाहीत, वय फार झालं. दोन महिने आहेत, सामान बांधा. चाचा "बरं" म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मीच मंदूबशी भांडलो. चाचा मागे वळून मला म्हणाले, "मेस्त्री, त्याच्यावर कशाला ओरडतोस? तो काय माझं वय लिहून देतो?"

आणि त्याच आठवड्यात ती बस आली.

ट्रेलरवर बांधून आणली होती. वाफ्राच्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर वर्षानुवर्षं उभी, टायर कधीच गेलेले, आत बकऱ्यांचा चारा भरलेला. बाहेरचा रंग उन्हाने पार खाल्लेला. मालक सत्तरी ओलांडलेले कुवेती गृहस्थ, शांत स्वभावाचे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशात. लहानपणी ते ह्या बसने शाळेत जायचे. तेल कंपनीच्या वसाहतीतली ती शाळेची बस. पुढे वडिलांनी ती लिलावात घेऊन शेतावर नेली आणि तिथेच राहिली. आता त्यांना ती होती तशी करून अंगणात ठेवायची होती, नातवंडांना दाखवायला.

मी बाहेरून पत्रा ठोकून बघत होतो. चाचा दारापाशी गेले, पायरीवर वाकले आणि पायरीच्या कडेला बसवलेली धातूची पट्टी बोटांनी चाचपू लागले. तिच्यावर इंग्रजी अक्षरं उठावाची होती. बोट एकदा फिरलं, परत फिरलं. मग चाचा पायरीवर बसले ते उठेनातच. मला वाटलं साखर उतरली. धावत खजूर घेऊन गेलो.

"खजूर नको," ते म्हणाले. "ही त्या विलायती कारखान्याची बॉडी आहे. अब्बांची."

चाचांचे वडील कुवेतला वारले एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी, तिथे पायरीवर बसून सांगितलं.

चाचा पाच-सहा वर्षांचे असतील तेव्हा त्यांचे अब्बा कुवेतला आले. तेल कंपनीच्या वर्कशॉपात लागले. तिकडे विलायतेत बसच्या बॉड्या बनवणारा एक जुना कारखाना होता. त्याच्याकडून बॉड्या सुट्या करून जहाजाने यायच्या, मोठाल्या लाकडी खोक्यांतून, एकेका भागावर आकडा टाकलेला. बरोबर कारखान्याचा एक गोरा फोरमन यायचा. आपली माणसं ते भाग जुळवून इथे बस उभी करायची. अब्बा त्यांतले एक. दोन-तीन वर्षं केलं असेल, मग तापाने गेले. दफन इथेच झालं. इथल्या कबरींवर नाव नसतं, डोक्याशी एक दगड, बस्स. चाचा स्वतः विशीत कामाला इथे आले तेव्हा कबरस्तानात जाऊन आले होते. नुसते दगड. कोणता अब्बांचा, सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मग पुष्कळ वर्षांनी चाचांची आई वारली. तिच्या पेटीत अब्बांची पत्रं सापडली, बिस्किटाच्या डब्यात. उर्दूतली. आईला वाचता येत नव्हती. आली तेव्हा कुणीतरी वाचून दाखवली असतील, मग तिने ती जपून ठेवून दिली. चाचा मराठी शाळेत शिकलेले, त्यांनी मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेतली. एकात अब्बांनी लिहिलं होतं की, गोरा फोरमन सांगतो, तिकडे कारखान्यात एक रीत आहे. बॉडी बंद करायच्या आधी कारागीर आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहितो. तुम्हीही लिहा. तर मी ड्रायव्हरच्या डोक्यावर, जिथे गावांच्या नावाची गुंडाळी फिरते, त्या पेटीच्या फळीला मागून लिहितो. पण माझं नाही लिहीत. माझं नाव कोण विचारतो? मी पोराचं लिहितो. प्रत्येक गाडीवर लिहिलं आहे.

"माझं नाव, मेस्त्री," चाचा म्हणाले. "अब्बांच्या हातचं. मला त्यांचा चेहरा पण आठवत नाय. एक फोटो नाय. पत्रं लिहिली ती पण दुसऱ्याच्या हातची, अब्बांना नाव लिहिण्यापुरतंच येत होतं."

पत्र कळल्यापासून चाचा त्या कारखान्याच्या गाड्या शोधत होते. पण तोवर उशीर झालेला. अर्ध्या भंगारात गेल्या होत्या, उरलेल्या इराकच्या लढाईच्या वर्षी जळल्या. माझ्या डोक्यात एक प्रश्न आला आणि मी मूर्खासारखा तोंडातून काढला.

"चाचा, तुम्ही विशीत आलात तेव्हा ह्या गाड्या चालू होत्या ना? तुम्ही कितीतरी उघडल्या असतील. कधी दिसलं नाही?"

चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा वाचायला कोणाला वेळ होता?" आणि उठून हात धुवायला गेले. मला काय ते कळलं. परत कधी विचारलं नाही.

पण ह्या बसचं वेगळं होतं. मालक छातीवर हात ठेवून सांगत होते की, ही शाळेतून थेट आमच्या शेतावर आली, हिला कुठल्याच कराजाचा हात लागलेला नाही. चाचांनी त्यांना तीनतीनदा विचारलं, अरबीत, हिंदीत, परत अरबीत. मालक हसून म्हणाले, अरे बाबा, नाही लागला. त्या उत्तरावर चाचांनी दोन महिने काढले.

मी म्हटलं, आत्ताच उघडतो पेटी. तर मालकांनी हात आडवा केला. समोरच्या काचेचं जुनं रबर पार दगड झालेलं, आणि पेटी अशी बसवलेली की काच काढल्याशिवाय तिचे स्क्रू हाताला लागत नाहीत. काच काढताना फुटली तर? तशी काच आता मिळत नाही. विलायतेहून कुणाकडून तरी एक जास्तीची काच आणि रबर त्यांनी मागवलं होतं, ते जहाजाने शुऐबाच्या बंदरात यायचं होतं. ते येईपर्यंत पुढच्या भागाला हात लावायचा नाही, अशी ताकीद. गाडी त्यांची, मी काय बोलणार? चाचा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. कारागीर असून घाई काय करतोस?" पण भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ते रोज उभे राहायचे, न दिसणारे आकडे बघत.

काच येईपर्यंत आम्ही मागून सुरुवात केली. मालकांनी एक फाईल दिली होती. त्या कारखान्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाशी त्यांची ओळख झाली होती, त्याने जुन्या नकाशांच्या प्रती आणि कारखान्याची हकीकत पाठवली होती. हकीकत सगळी इंग्रजीत. मी पानांचे फोटो काढून मुलीला पाठवले. ती रत्नागिरीला कॉलेजात आहे. "बाबा, ह्याचं काय करायचं?" म्हणाली. म्हटलं, तुझ्या चाचांना वाचून दाखवायचं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवायची आणि आम्ही दोघं खुबूसची रोटी आणि डाळ खात ऐकायचो.

कारखाना एका सुताराने काढलेला होता. हे ऐकल्यावर चाचांनी मला कोपराने ढोसलं. लहानशा गावातला चाकं बनवणारा माणूस, मग शेतकऱ्यांच्या गाड्या, मग श्रीमंतांच्या घोड्याच्या बग्ग्या. ॲश नावाचं त्यांचं लाकूड, ऐनासारखं जड नव्हे पण वाकवलं तर वाकतं, तुटत नाही. ते कापून वर्षानुवर्षं शेडमध्ये सुकवत ठेवायचे. बापाने कापलेलं लाकूड पोराने वापरायचं, असा हिशोब. मग मोटारी आल्या, तेव्हा घोड्याच्या जागी इंजिन, बाकी सांगाडा तोच, वरचा पत्रा तेवढा नवा. महायुद्धात रुग्णवाहिका बांधल्या. पुढे बसच्या बॉड्या जगभर पाठवायला लागले, खोक्यांतून. आणि शेवटी मोठ्या कंपन्यांनी सगळ्या लोखंडी बॉड्या स्वस्तात काढल्या, ऑर्डरी तुटल्या, कारखाना एकाने घेतला, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतला आणि एका शुक्रवारी कामगारांना सांगितलं की सोमवारी येऊ नका. सुकवत ठेवलेलं लाकूड जळणाला विकलं. आता तिथे घरांच्या रांगा आहेत.

"जळणाला?" चाचांनी मला ते परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. "हरामखोर," म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

मुलीकडून मी इंग्रजीत लिहून घेतलं की, बाहेरदेशी ज्यांनी ह्या बॉड्या उभ्या केल्या त्यांच्या नावांची काही यादी आहे का. मालकांनी ते इंग्रजाला पाठवलं. उत्तर आलं, माफ करा, कारखाना बंद झाला तेव्हा सगळी कागदपत्रं कचऱ्यात गेली, आणि तशीही त्या माणसांची नावं आमच्याकडे कधीच नव्हती.

एक महिना गेला. शुऐबाहून काच सुटेना. रोज कुठला तरी कागद कमी पडायचा. मी मालकांच्या मागे लागून त्यांना नकोसा झालो. दरम्यान छताचा आतला पत्रा उतरवला, आणि मधल्या लाकडी कमानीवर पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसलं. टॉर्च मारला. इंग्रजी अक्षरं, तिरकी, झोकदार, काल लिहिल्यासारखी ताजी. तिकडच्या कुठल्या तरी कारागिराचं नाव आणि खाली त्याच्या गावाचं. कमान तिकडूनच जोडून आलेली असणार, आणि छत कधी कुणी उघडलंच नव्हतं.

मालक खूश झाले. फोटो काढून इंग्रजाला पाठवला. त्याचं उत्तर आलं की, ह्या माणसाला मी ओळखत होतो, त्याच्या मुलीला कळवतो, ती रडेल. सगळे एकमेकांना दाखवत होते. चाचांनी मला विचारलं, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"त्याचं राहिलं," म्हणाले. "चांगलं झालं."

मला मात्र त्या गोऱ्या कारागिराचा उगाच राग आला. त्याचा काय दोष? पण आला.

काच सुटली तेव्हा चाचांच्या जाण्याला चार दिवस उरले होते. मी सकाळी सगळ्यांत आधी कराजात आलो. चाचा माझ्याही आधी आलेले, इस्त्रीचा सदरा घालून. जुनी काच मी एवढ्या जपून काढली की ती फुटलीच नाही, म्हणजे इतके दिवस उगाच थांबलो होतो. मग पेटी. स्क्रू गंजलेले, एकेकाला तेल सोडलं, थांबलो, हळूहळू फिरवले. चाचा खाली उभे, वर तोंड करून. "उर्दू अक्षर दिसलं की हाक मार," म्हणत होते. "उर्दू असेल. नाव उजवीकडून असेल. पुसू नकोस हं हाताने."

"नाय पुसत चाचा."

फळी हातात आली. मी ती उलटी केली.

मागून विटकरी होती. डावीकडून उजवीकडे, शेवटचा हात एका दमात, कुठेही न थांबता. इतक्या वर्षांनी एक पोपडा उडालेला नव्हता, फळी सरळसोट, वाकलेली नाही. आणि त्या विटकरीवर, खालच्या कोपऱ्यात, सुताराच्या जाड पेन्सिलीने एक नाव. देवनागरीत. मला पूर्ण वाचता आलं. खाली गावाचं नाव, राजापूरच्या खाडीवरचं.

मालकांना ठाऊकच नसणार. शाळेची बस कधीतरी वाळूने अडकलेली गुंडाळी सोडवायला वर्कशॉपात गेली असेल, चार दिवसांनी परत आली असेल. सहावी-सातवीतल्या मुलाला त्याचं काय?

"मेस्त्री?" खालून आवाज आला. "आहे?"

एका क्षणात काय काय मनात आलं. फळी कोरी आहे म्हणून सांगावं. खाली पडली, तुटली म्हणावं. त्यांना तर दिसत नाही. मी खाली उतरलो, पण फळी माझ्या हातातून सुटेना. त्यांनीच ती घेतली. अंगठा मागच्या बाजूवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, अगदी कडेपर्यंत. तिथे थांबला. माझ्याहून आधी त्यांना कळलं असेल.

"कोणतं नाव आहे?"

"चाचा…"

"वाच."

मी त्यांचंच नाव त्यांना वाचून दाखवलं. गावही वाचलं.

चाचा स्टुलावर बसले. फळी मांडीवर. म्हणाले, "मी तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपात नवा होतो. अंगात मस्ती होती. बाकीचे मागून हात लावायचे नाहीत, नुसती धूळ झटकायचे. मी म्हणायचो, मी करणार. मागून पण घासणार." नावावर तळहात ठेवला. "घासताना पेन्सिल दिसली असेल रे. लोकं काय काय लिहून ठेवतात, म्हणून घासलं असेल. आणि मग तिथेच परत स्वतःचं लिहिलं. हेच नाव होतं इथे. हेच."

मी थिनर आणला. एका कोपऱ्यातला प्रायमर उतरवून बघितला, म्हटलं खाली काहीतरी ओरखडा तरी उरला असेल. खाली लाकूड होतं. स्वच्छ, कागदाने घासल्याच्या बारीक रेघा, दुसरं काही नाही. चाचांनी तिथेही बोट फिरवलं.

"काम चोख केलंय," म्हणाले. "काही शिल्लक ठेवलेलं नाय."

मला हुंदका आला. लाज वाटली नाही. ज्या बाजूला कोण बघणार म्हणून मी मार खाल्ला होता, ती ह्या माणसाने चुकारपणा करून एकदा, फक्त एकदा सोडली असती तर! आळशी माणसांच्या हाताखालून गेलेल्या किती फळ्यांवर ते नाव राहिलं असेल, आणि त्या सगळ्या भट्टीत गेल्या.

राहिलेले दिवस चाचांनी त्या बसकडे पाठ करून काढले. जायच्या दिवशी दुपारी विमान होतं. मी सामान घेऊन बरोबर गेलो. एवढ्या वर्षांचं सामान, दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक घोंगडं. आत जायच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

"ती फळी नीट घास. माझं नाव काढून टाक. अब्बांचं पुसून मी त्याच्यावर बसलोय, ते तिथे नको. मला वचन दे."

मी म्हटलं, दिलं.

परत येऊन पॉलिश पेपर घेऊन बसलो. खरंच बसलो होतो. फळी समोर, पेपर हातात. एकोणीस वर्षांची सवय, हात आपोआप जायला हवा होता. पण गेला नाही. त्या बापाला तिथे हेच नाव हवं होतं. त्याने लिहिलेलं गेलं, पण नाव तर त्याच जागी परत आलं होतं, पोराच्या हातून. ते मी कोण पुसणारा? थिनरने उघडा पडलेला कोपरासुद्धा मी रंगवला नाही. फळी तशीच लावली, स्क्रू आवळले, नवी काच बसवली. तो मार खाल्ल्यापासून पहिल्यांदा मी उलटी बाजू न करता फळी बंद केली.

मालक गाडी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा गावाहून फोन आला. तब्येतीचं विचारलं, आंबे ह्या वर्षी कमी म्हणाले, पायाची जखम भरत नाही म्हणाले. मग विचारलं, "फळी लावलीस?"

"लावली."

"मागून घासलीस?"

कामाबद्दल मी चाचांशी कधी खोटं बोललो नव्हतो. "घासली," म्हटलं.

"प्रायमर मारलास?"

"मारला."

"बरं केलंस."

मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता, म्हणून कळत होतं की फोन चालू आहे. मी "चाचा?" म्हटलं.

"सगळी घासलीस?" त्यांनी विचारलं. एवढ्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "काहीच नाय ठेवलंस?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "नाय चाचा. खोटं बोललो. तशीच लावली. तुमचं नाव आहे तिथे."

"कामचोर," चाचा म्हणाले. "मेल्या, एवढी वर्षं शिकवलं तुला." आणि ते रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. मी कराजाच्या दारात फोन कानाला धरून उभा राहिलो, त्यांचं रडणं थांबेपर्यंत.